कॅशबुकात न मावणारा पैसा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक जाड, लांबट वही असते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. तारीख, व्हाउचर क्रमांक, तपशील, रक्कम. खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. महिनाअखेरीस शिल्लक काढून पुन्हा सही. गुरुजी हिला कॅशबुक म्हणतात. शाळेवर खर्च होणाऱ्या सरकारी पैशातला जो भाग गावकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो, तो जवळजवळ सगळा या वहीत असतो.

मुकुटबनला ही वही उघडून बघण्याला विशेष कारण आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं हे गाव तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. आसपास कापसाची शेतं, कोळशाच्या खाणी, कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथं सुरू झाला. गावाच्या हद्दीत एवढा पैसा फिरू लागला की शाळेच्या पैशाचा हिशेब कोण मागतो, हा प्रश्न आपोआप मोठा होतो.

हिशेबाची आजची रचना घडवण्यात याच जिल्ह्याचा हात आहे. पुसदचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. प्रशासन सांभाळायला जिल्हा सोयीचा होता, पण मुकुटबनच्या पालकासाठी शाळेच्या खर्चाचा निर्णय शंभरेक किलोमीटरवर यवतमाळला गेला. हे अंतर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने थोडं कमी केलं. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक सचिव. कलम २१ नुसार शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम आहे.

समजा, पाण्याच्या टाकीची तोटी गेली. विषय समितीच्या सभेत येतो. प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला जातो, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह. दुकानातून पक्कं बिल आणायचं. वस्तूची नोंद साठा नोंदवहीत करायची आणि तिथला पान क्रमांक बिलावर टाकायचा. मग पीएफएमएस या संगणकप्रणालीत एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात जायचे. त्यानंतर कॅशबुकात एक ओळ. तोटी बसवून देणारा गावातलाच माणूस असतो, त्याच्याकडे छापील बिलबुक नसतं. त्याच्या मजुरीसाठी हातपावती लिहून सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. पोडावरच्या द्विशिक्षकी शाळेत हे सगळं करणारे गुरुजी त्याच वेळी दोन वर्ग एकत्र बसवून शिकवत असतात. या माणसांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

इतक्या काटेकोरपणे सांभाळली जाणारी रक्कम केवढी? समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून जास्त असेल तर एक लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे. म्हणजे छोट्या पोडावरच्या शाळेच्या हातात इतर सगळ्यासाठी उरतात फार तर ९,००० रुपये: खडू, कागद, दुरुस्ती, विजेचं बिल. छत गळायचं ते पट बघून गळत नाही, पण अनुदान मात्र पट बघूनच येतं. शिवाय २०२१-२२ पासून पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. शाळेला खर्चाची मर्यादा मिळते. गुरुजींच्या भाषेत ‘लिमिट येते’. ती वर्ष सरता सरता आली तर परीक्षा आणि मार्चअखेरची बिलं एकाच आठवड्यात येतात, आणि खर्च झाला नाही तर ती लिमिट परत जाते.

खरी काळजी पुढे आहे. शाळेवरचा मोठा पैसा या वहीला शिवतच नाही. शिक्षकांचे पगार शालार्थ प्रणालीतून थेट खात्यात जातात. वर्गखोली बांधायची तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे ‘एमबी’, हे सगळं बांधकाम विभागात. भिंतीला वर्षभरात भेग पडली तरी किती सिमेंटचे पैसे दिले गेले हे समितीच्या अध्यक्षांना शाळेतल्या कुठल्याच कागदावरून कळत नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षा होते, विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर येते. पण त्यांचे आक्षेप गावापर्यंत क्वचितच उतरतात.

त्यात खाणपट्ट्याचा पैसा वेगळा. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांकडून १० टक्के रक्कम त्यात जमा होते, आणि शिक्षण हा तिथला अग्रक्रमाचा विषय आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा दोन टक्के निधी आणखी निराळा. शाळेच्या खर्चावर गावकऱ्यांचं मत कुठे घेतलं जातं? न्यू यॉर्क राज्यात मे महिन्यात बहुतेक शाळांच्या अंदाजपत्रकावर तिथले रहिवासी मतदान करतात. नापसंत असेल तर फेटाळतात. आपल्याकडे गावकऱ्यांच्या वतीने ते काम जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी करायचं. पण यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका चार महिन्यांत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी सांगावं लागलं. तोवर तीन वर्षं शिक्षणाचं अंदाजपत्रक निवडून आलेल्या एकाही माणसाच्या चर्चेविना मंजूर झालं होतं. हे फार वाईट झालं.

तरीही कलम २१ मध्ये एक वाट आहे. सरकार आणि स्थानिक प्राधिकरणाच्या अनुदानाबरोबरच ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’ मिळालेल्या निधीवरही समितीने लक्ष ठेवायचं आहे. खनिज प्रतिष्ठानातून बांधलेली खोली आणि कंपनीने दिलेले संगणक या शब्दांत बसतात. शाळेवर कुठल्या योजनेतून किती खर्च झाला याची यादी मागणारा ठराव समितीने करावा, तो झरीला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवावा, आणि आलेलं उत्तर ग्रामसभेत वाचावं. त्यासाठी नवा कायदा नको. सभेला पालक मात्र हवेत, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची सभा म्हणजे मजुरी बुडवणं. सभा संध्याकाळी मजूर परतल्यावर ठेवली तर आया येऊ शकतात. पण तेव्हा बाहेरगावाहून ये-जा करणाऱ्या गुरुजींची शेवटची बस निघून गेलेली असते.