एलईडी पट्टी लुकलुकते तेव्हा

निळा प्रकाश देणाऱ्या डायोडच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी दिवा त्या शोधातूनच साकार झाला आणि ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाची ‘उजाला’ योजना सुरू झाल्यावर तो सामान्य घरांत पोचला. आता नागपुरातील घरांच्याच नव्हे, तर शाळांच्या सभागृहांच्या छतालाही एलईडी पट्ट्या लागलेल्या दिसतात. भ्रमणध्वनीवरून प्रकाश कमीजास्त करणारा ‘स्मार्ट’ डिमरही त्यांच्या सोबतीला असतो. मात्र प्रकाश मंद करताच पट्टी लुकलुकू लागते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

याचे मूळ बहुधा पट्टीत नसते. जुन्या पद्धतीचा डिमर २३० व्होल्टच्या प्रवाहाच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतो. पिवळ्या बल्बची तप्त तार हे खंड सहज पचवी. एलईडी पट्टीला मात्र १२ किंवा २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो व तो पुरविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ला कापलेली लाट मानवत नाही. शिवाय पट्टीचा भार इतका अल्प असतो की, डिमरमधील अर्धवाहक मध्येच बंद पडतो. म्हणून डिमर चालेल असा स्पष्ट उल्लेख असलेलाच ड्रायव्हर घ्यावा; किंवा ड्रायव्हरनंतर, पट्टीच्या बाजूस बसणारा नियंत्रक वापरावा. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा होय.

दोष कोठे आहे हे ओळखण्यास परवानाधारक वायरमनकडून, मुख्य स्विच बंद करून, डिमर वगळून ड्रायव्हर थेट जोडून घ्यावा. प्रकाश स्थिर राहिला तर डिमर व ड्रायव्हर यांचे जमत नाही असे समजावे. तरीही लुकलुक राहिली तर ड्रायव्हर किंवा सांधे तपासावेत.

पट्टीचे दूरचे टोक फिके दिसणे हा निराळाच प्रकार आहे. मीटरला १४.४ वॅट घेणारी पाच मीटर पट्टी ७२ वॅट खाते. म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह. तांब्याच्या पातळ थरातून तो जाताना दाब घटतो. अशा वेळी दोन्ही टोकांनी वीज द्यावी. २४ व्होल्टची पट्टी घेतल्यास प्रवाह निम्म्यावर येतो. ड्रायव्हर ७२ ऐवजी ९० वॅटच्या आसपासचा असावा.

बंद केल्यावरही पट्टी अंधुक उजळत असेल तर न्यूट्रल तार पाहावी. न्यूट्रलविना चालणारे डिमर स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतात. जुन्या घरांत स्विचपर्यंत केवळ फेज आणलेली असते. परंतु ज्या बोर्डावर प्लगही आहे, तेथे न्यूट्रल बहुधा मिळते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. डिमर भ्रमणध्वनीला दाद देत नसेल तर वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सुरू आहे का ते पाहावे. असे बरेच डिमर तेवढीच लहर ओळखतात.

नागपूरचा उन्हाळाही विसरून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा बंदिस्त पीओपी छतात कोंबलेल्या ड्रायव्हरचे आयुष्य झपाट्याने घटते. तो हवा खेळेल व हात पोचेल अशा जागी ठेवावा आणि पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी.