वजन घटता घटता थांबते तेव्हा

आहार मोजका ठेवावा, नित्य व्यायाम करावा आणि वजन आटोक्यात आणावे, हा सल्ला आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. तो योग्यच आहे. परंतु हा सल्ला निष्ठेने पाळणाऱ्या अनेकांना एक विचित्र अनुभव येतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन झपाट्याने उतरते आणि नंतर काट्याची सुई एकाच आकड्यावर स्थिर होते. मग निराशा येते. काही जण प्रयत्न सोडून देतात, तर काही उपासमारीचा किंवा जाहिरातीतील चूर्णांचा मार्ग धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे आहेत. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांची वाट याच मार्गाने जाते. म्हणूनच घट का थांबते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीराची काटकसर

प्रारंभीची झपाट्याची घट ही सर्वस्वी चरबीची नसते. यकृतात व स्नायूंत पिष्टमय पदार्थांपासून बनलेला ग्लायकोजेनचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी होताच हा साठा व त्याबरोबरचे पाणी निघून जाते. पुढे खरोखरीच चरबी घटू लागते, तेव्हा वेग मंदावणे स्वाभाविकच होय.

दुसरे असे की, ८० किलोच्या देहाला जेवढे उष्मांक लागतात तेवढे ७० किलोच्या देहाला लागत नाहीत. जो आहार पूर्वी तुटीचा होता, तोच आता गरजेपुरता ठरतो. शिवाय शरीर या तुटीला दुष्काळ समजून काटकसर करू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दूरचित्रवाणीवरील वजन घटविण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ व्यक्तींची सहा वर्षांनंतर तपासणी करण्यात आली. त्यांची शरीरे अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत असल्याचे आढळले. वजन अतिशय वेगाने उतरविण्याचा मोह का टाळावा, याचा बोध यातून व्हावा.

चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला तृप्तीचा संदेश देते. याचा शोध १९९४ मध्ये लागला. चरबी घटली की लेप्टिनही घटते आणि भूक वाढते. तेव्हा वाढलेली भूक हा मनाचा दुबळेपणा नव्हे; ती शरीराची मागणी असते.

हिशेबाबाहेरचे अन्न

मात्र सर्व दोष शरीराकडे देऊन चालणार नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत, ‘काही केल्या वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या व्यक्तींची काटेकोर तपासणी झाली. त्या आपला आहार प्रत्यक्षापेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल सुमारे ५१ टक्क्यांनी अधिक सांगत होत्या. त्या खोटे बोलत होत्या असे नव्हे, त्यांचा अंदाज चुकत होता.

आपल्या घरातही असेच घडते. भाकरी मोजली जाते. फोडणीचे तेल मोजले जात नाही. एका मोठ्या चमच्यातील तेलात सुमारे १२० उष्मांक असतात आणि साधारण ७० किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास चालून जवळपास तेवढेच खर्च होतात. कार्यालयात व बैठकांत मिळून दिवसाला पाच कप चहा झाला व प्रत्येकात दोन चमचे साखर असली, तर सुमारे ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० उष्मांक पोटात जातात. उपवासाची गोष्टही निराळी नाही. साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड व मूठ-दोन मुठी शेंगदाणे हा आहार नेहमीच्या जेवणाहून जड ठरतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

बैठक, झोप आणि औषधे

सकाळी अर्धा तास चालून उरलेला दिवस खुर्चीत गेला, तर त्या चालण्याचा लाभ पुष्कळसा हरपतो. १९९९ मध्ये अमेरिकेत १६ व्यक्तींना आठ आठवडे दररोज १,००० उष्मांक जादा देण्यात आले. कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कोणाची चार किलोंहून अधिक. हा फरक मुख्यतः उठणे, बसणे, वावरणे अशा सहज हालचालींमुळे पडला होता. आहार कमी केल्यावर या हालचाली नकळत मंदावतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

अपुरी झोप हेही एक दुर्लक्षित कारण होय. २०१० मधील एका छोट्या प्रयोगात समान आहार घेणाऱ्या व्यक्तींना काही दिवस साडेआठ तास व काही दिवस साडेपाच तास झोपेची मुभा देण्यात आली. कमी झोपेच्या काळात घटलेल्या वजनातील चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी भरला, म्हणजे चरबीऐवजी स्नायू अधिक झिजले.

काही वेळा मूळ कारण वैद्यकीय असते. थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावणे, स्त्रियांमधील बीजांडकोशांचा विकार, तसेच स्टेरॉइड, इन्शुलिन, मधुमेहावरील काही गोळ्या व मानसिक आजारांवरील काही औषधे यांमुळे वजन वाढते किंवा घटण्याचे थांबते. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

काटा सर्व काही सांगत नाही

व्यायामाने चरबी घटत असतानाच स्नायू वाढले, तर वजन तेवढेच राहते आणि कंबर मात्र उतरते. भारतीयांच्या बाबतीत कंबरेचा घेर विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे संशोधनाने दाखवून दिले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची व एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु चरबी एकाची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के होती. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावी, असे मानले जाते.

याहून दिलासा देणारी माहिती चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासातून मिळाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्ती त्यात होत्या. ज्यांनी आहार सुधारला व व्यायाम चालू ठेवला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि हे वजनात लक्षणीय घट न होताही घडले. वजन थांबले म्हणून परिश्रम वाया गेले, ही समजूत किती चुकीची आहे, हे यावरून स्पष्ट होते.

काय करावे?

घट थांबल्यास प्रथम दोन आठवडे खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची नोंद करावी. चहा, फोडणी व प्रसादही त्यात यावा. तेल महिन्याच्या हिशेबाने मोजावे. दररोज माणशी २५ ग्रॅम धरल्यास चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो पुरतात. जेवणात डाळ, उसळ, ताक आणि चालत असल्यास अंडी व मासे वाढवावेत, म्हणजे स्नायू टिकतात व भूकही शमते. आठवड्यात निदान १५० मिनिटे चालावे, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, दर तासाला खुर्ची सोडावी आणि सात तास झोप घ्यावी. एवढे करूनही फरक न पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब व रक्तशर्करेच्या तपासणीचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर राबविला जातो; त्याचा लाभ घ्यावा.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य पुष्कळ करू शकतील. स्थूल विद्यार्थ्याची थट्टा थांबविणे, त्याला उपाशी न ठेवता मैदानावर आणणे, गावात चालण्यासाठी दिव्यांची सोय असलेला रस्ता राखणे आणि ग्रामसभेत बिनसाखरेच्या चहाचा पर्याय ठेवणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. ज्याची घट थांबली आहे त्याला दोष देण्याऐवजी ती का थांबली हे समजावून सांगितले, तर तो प्रयत्न सोडणार नाही. आणि मधुमेहापासून बचाव होतो तो अशा टिकून राहिलेल्या प्रयत्नांमुळेच.