पंचाहत्तर टनांची भिंत

रॉक बँडचा दौरा म्हटलं की आपल्याला मंचावरचे दोन-तीन तासच दिसतात. बाकीच्या तासांत काय चालतं, हे समजायला आपण अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडचं १९७४ साल घेऊ.

त्या वर्षी त्यांनी 'वॉल ऑफ साउंड' ही ध्वनियंत्रणा दौऱ्यावर आणली. वजन साधारण ७५ टन! स्पीकरची ही भिंत वादकांच्या पाठीमागे असे. श्रोत्यांना ऐकू येई तेच त्यांनाही. मग तो आवाज माइकमध्ये शिरून शिटी नाही का वाजणार? त्यासाठी प्रत्येक गायकापुढे उलट जोडणीचे दोन माइक. गायचं एकातच. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरे आणि वजा होऊन जाई; गाणं तेवढं उरे.

आवाज स्वच्छ झाला खरा, पण भिंत उभारायला फार वेळ लागे. म्हणून मंचाचे दोन सांगाडे ठेवले: एका गावी कार्यक्रम, तोवर दुसरा सांगाडा पुढच्या गावी. माणसं वाढली, ट्रक वाढले, त्यात इंधन महागलेलं. सगळेच थकले. ऑक्टोबर १९७४ नंतर बँडने दौरे थांबवले. १९७६ मध्ये ते परतले, ते भिंतीशिवाय.

तेव्हा चांगला आवाज ऐकताना आपण एवढं जरूर विचारू या, की तो रोज कोणाच्या खांद्यावरून येतो?