मोटारीतील उन्हाळा

वैशाखातील दुपारी मोटारीत बसणारा आजचा प्रवासी सर्वांत आधी काच वर चढवितो. त्याचा आजोबा त्याच जागी बसताना सर्वांत आधी काच खाली उतरवीत असे. एवढ्याशा फरकात मोटारीच्या इतिहासाचा बराच मोठा भाग सामावलेला आहे. हवा थंड करणारे यंत्र मोटारीत नव्हते तेव्हाही लोक उन्हातून दूरदूरचे प्रवास करीतच होते. ते सुसह्य व्हावेत म्हणून त्यांनी योजिलेल्या युक्त्यांत विज्ञान होते, काटकसर होती आणि क्वचित थोडा वेडेपणाही होता. मोटार प्रथम घरोघरी पोहोचली ती अमेरिकेत. म्हणून ही हकीकतही बहुतांशी तिकडचीच आहे. परंतु तिच्यातील काही भाग वाचताना ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांना आपल्याच घरच्या उन्हाळ्याची आठवण होईल.

अगदी प्रारंभीच्या मोटारीत गारव्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण मोटारीला भिंतीच नव्हत्या. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील बहुसंख्य गाड्यांना वर दुमडते कापडी छप्पर असे आणि दोन्ही बाजू मोकळ्या असत. गाडी चालू असेपर्यंत वारा भरपूर मिळे. खरा त्रास उन्हापेक्षा धुळीचा होता. म्हणून प्रवासी अंगावर पायघोळ सुती झगे चढवीत, डोळ्यांना मोठे चष्मे लावीत आणि स्त्रिया टोपीवरून जाळीदार वस्त्र घेऊन ते हनुवटीखाली बांधीत. १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी केवळ काळ्या रंगातच मिळत असे. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पत्र्याला हात लावण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना अधिक सांगणे नलगे.

पुढे पाऊस आणि थंडी यांपासून बचाव व्हावा म्हणून मोटारीला दारे, काचा आणि पक्के छप्पर आले. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी शेकडा सुमारे १० मोटारी बंद असत. १९२७ साली हेच प्रमाण शेकडा ८५ झाले. आठ वर्षांत झालेल्या या पालटाने हिवाळ्याचा प्रश्न सोडविला आणि उन्हाळ्याचा निर्माण केला. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो, आसने व पत्रा यांना तापवितो. परंतु तापलेल्या आसनांतून निघणारी उष्णता त्याच काचेतून तितक्या सहजतेने बाहेर पडत नाही. त्यात पायांच्या पुढ्यात इंजिन धगधगत असते. १९३० नंतरच्या दशकात छपराच्या मध्यभागी असणारे मेणकापड जाऊन त्या जागी अखंड पोलादी पत्रा आला, तेव्हा तर डोक्यावर तवाच आला.

यावर पहिला उपाय अर्थातच वाऱ्याचा. समोरच्या काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागील बाजूस, एक लहानसे झाकण बसवीत. आतून दांडा ओढला की ते वर उचलले जाई आणि वारा थेट पायांवर येई. कित्येक गाड्यांत समोरची काचच वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली असे व ती खालून बाहेर ढकलता येत असे. या मार्गाने वाऱ्याबरोबर माशा, पाचोळा आणि प्रसंगी एखादी मधमाशीही आत येई. तो त्या सोयीचा कर समजून लोक सोशीत.

परंतु या सर्व युक्त्यांत सर्वांत बुद्धिमान कोणती म्हणाल, तर ती दाराच्या पुढील कोपऱ्यातील त्रिकोणी काच. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ती १९३३ साली आली आणि थोड्याच काळात सर्वांनी तिचे अनुकरण केले. ही काच खालीवर होत नाही. ती उभ्या कण्याभोवती फिरते. ती थोडीशी तिरपी उघडली, तर तिच्या कडेवरून वेगाने जाणारा वारा आतील कोंदट हवा बाहेर खेचून घेतो. तीच पुरती उलटी फिरविली, तर ती सुपासारखी वारा पकडून बसणाऱ्याच्या छातीवर सोडते. यंत्र नाही, वीज नाही, बिघडण्यासारखे काही नाही. आमच्या मते मोटारीतून नाहीशा झालेल्या वस्तूंत हळहळ वाटावी अशी हीच एक आहे. आपल्याकडे ती पुष्कळ काळ टिकली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघू लागलेली अॅम्बॅसडर आणि मुंबईची फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, या दोन्ही गाड्यांतून फिरलेल्या पिढीला तिची खिटी अजून बोटांना आठवत असेल. सरकारी अॅम्बॅसडरच्या आसनांवर पांढरी कापडी खोळ असे, तीही केवळ शोभेसाठी नव्हे. रेक्झिन उन्हाने तापते आणि घामाने अंगाला चिकटते, कापड तसे करीत नाही. जीपचे तर सर्वच सोपे होते. समोरची काच बॉनेटवर आडवी पाडली की वाराच वारा.

इंग्लंडात १९४८ पासून तयार होऊ लागलेल्या लँड रोव्हर गाडीची युक्ती याहून वेगळी. उष्ण प्रदेशांसाठी तिच्या छपरावर थोडे अंतर सोडून दुसरे छप्पर बसवीत. ऊन वरच्या पत्र्यावर पडे, दोन्ही पत्र्यांमधून वारा वाहे आणि खालचा पत्रा सावलीत राही. कौलांखाली माळा असलेल्या घरात राहणाऱ्यांना यातील मर्म सांगावयास नको.

वाऱ्याच्या उपायाला मात्र एक मर्यादा आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियस असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातील उष्णता घेऊन जातो. हवा ४२ किंवा ४४ अंशांवर गेली, की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो आणि घाम सुकण्याने मिळणारा गारवा हाच काय तो आधार उरतो. लू ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना धावत्या मोटारीच्या खिडकीत ती तोंडावर घेणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. कॅलिफोर्नियाच्या वाटेवरील मोहावे वाळवंटात हाच प्रकार होता. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळाने उठलेली हजारो शेतकरी कुटुंबे जुन्या, खिळखिळ्या मोटारींत संसार भरून त्या वाटेने पश्चिमेकडे गेली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी वाळवंट रात्रीच ओलांडले. लेकरे आणि म्हातारी माणसे सोबत असताना, शिवाय गाडीचे इंजिनही भरवशाचे नसताना, सूर्य मावळण्याची वाट पाहणे हाच त्यांना परवडणारा गारवा होता.

दिवसा जाणे भाग पडे तेव्हा मदतीला येई ते पाणी. मोटारीच्या पुढच्या भागाला जाड कापडाची पाण्याने भरलेली पिशवी टांगलेली त्या काळच्या छायाचित्रांत दिसते. आपल्याकडे हिलाच छागल म्हणतात. कापडातून पाणी किंचित पाझरते, पृष्ठभाग ओला राहतो, वाऱ्याने ते पाणी सुकते आणि सुकताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. म्हणून गाडी जितकी वेगाने धावे, तितके पिशवीतील पाणी गार होई. हे पाणी प्यावयास असे आणि रेडिएटर उकळला तर त्यालाही असे. (तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतल्यास त्याला तडा जाण्याचा संभव असतो, म्हणून जाणता चालक आधी गाडी सावलीत उभी करून वाट पाही.)

याच तत्त्वावर १९३० नंतरच्या दशकात एक उपकरण निघाले आणि पुढील तीसेक वर्षे ते अमेरिकेच्या कोरड्या नैऋत्य भागात चांगलेच खपले. दिसावयास ते पत्र्याच्या नळकांड्यासारखे असे व प्रवाशाच्या बाजूच्या खिडकीत, काच थोडी खाली करून, बाहेरून अडकवीत. त्यात गॅलनभर पाणी ओतीत. पुढच्या तोंडातून वारा आत शिरे, लाकडाच्या बारीक भुशाच्या किंवा तशाच तंतूंच्या ओल्या थरातून जाई आणि गार होऊन आत बसलेल्यांच्या अंगावर येई. थर सुकू लागला की आतली दोरी ओढावयाची, म्हणजे तो फिरून पुन्हा पाण्यात भिजे. मुलांमध्ये या दोरीवरून भांडणे होत असतील असे मानावयास हरकत नाही. गाडी थांबली की गारवाही थांबे, हा त्यातला मोठा दोष.

वाचकहो, हे उपकरण म्हणजे दुसरे काय? आपली वाळ्याची ताटीच ती! उत्तरेकडे दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल त्या नळकांड्याच्या कितीतरी आधीची आहे. तीत वाळ्याचा सुगंध मिळे तो नफ्याचा. यामागील हिशेब मोठा विलक्षण आहे. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवावयास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जाताना घेते. ही उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होते.

पण पाणी सुकावयास हवा कोरडी पाहिजे. ग्वाल्हेरला मे महिन्याच्या दुपारी हवा ४३ अंश आणि तिच्यातील आर्द्रता शेकडा १५ असेल, तर तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातल्यास पारा सुमारे २३ अंशांवर उतरतो. वाळ्याची ताटी अथवा ते नळकांडे इतके खाली नेत नाही, तरी दहाबारा अंशांचा उतार मिळणे शक्य असते. आता गोव्यात चला. तेथे हवा ३३ अंश आणि आर्द्रता शेकडा ७० असेल, तर ओले फडके गुंडाळलेला पारा २८ अंशांच्या आसपासच थांबतो. उतार अल्प, आणि तोही आधीच दमट असलेल्या हवेत आणखी ओल भरून. अंगावरचा घाम सुकावयाचा तोही सुकत नाही. तेव्हा तेच उपकरण ग्वाल्हेरला वरदान ठरते आणि मडगावला केवळ पत्र्याचे ओझे. आजही घरासाठी पाण्याचा कूलर विकत घेणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवण्यासारखा आहे. किनाऱ्याकडील मंडळींना खिडकी आणि पंखा यांचाच आधार.

बर्फाचाही प्रयोग पुष्कळांनी केला. पायांशी घमेले, त्यात बर्फाची लादी आणि तिच्यावरून जाणारा वारा. लादी वितळेपर्यंत सुख, नंतर घमेल्यातले पाणी प्रत्येक वळणावर पायांवर.

खऱ्या यंत्राने हवा थंड करणारी मोटार पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. या सोयीसाठी २७४ डॉलर अधिक पडत. १९२५ साली फोर्डची संपूर्ण 'मॉडेल टी', अगदी साध्या नमुन्याची, २६० डॉलरला मिळत होती, हे लक्षात घेता ती रक्कम किती मोठी होती हे कळते. थंड करणारा भाग मागे सामानाच्या पेटीत असे व त्याने बरीच जागा अडे. गंमत अशी, की हे यंत्र बंद करावयाची सोयच नव्हती. गारवा नको असेल तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा हाताने काढून ठेवावा लागे! ग्राहक फारसे मिळाले नाहीत आणि १९४१ नंतर पॅकार्डने तो नाद सोडला. पुढे युद्धानंतर, १९५३ च्या सुमारास, मोठ्या कंपन्यांनी ही सोय पुन्हा देऊ केली. १९५४ साली नॅश कंपनीने उष्णता आणि गारवा देणारी सारी रचना गाडीच्या पुढच्या भागातच बसवून दाखविली. १९६९ पर्यंत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक नव्या मोटारींत वातानुकूलन आले होते. त्रिकोणी काचेची सद्दी त्याच सुमारास संपत आली.

गारवा यंत्राकडे सोपविल्यावर मोटार फटींविना, घट्ट बंद होणारी झाली. चालू असताना ती सुखाची. पण बंद करून उन्हात उभी केली की जुन्या उघड्या गाडीत कधी नव्हता असा धोका तिच्यात निर्माण होतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बाहेर साधारण २२ ते ३६ अंश तापमान असताना, उभ्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलेले आढळले; त्यांपैकी शेकडा ८० वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा बोटभर उघड्या ठेवल्याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी लवकर तापते. म्हणून बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या गर्दीत किंवा फेस्ताला गेले असता 'झोपले आहे, झोपू दे, पाच मिनिटांत येतो' असे म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवू नये. त्याला उठवून कडेवर घ्यावे, मग ते कितीही रडो. म्हाताऱ्या माणसांचीही हीच गोष्ट. ती तक्रार करीत नाहीत एवढाच फरक.

तापलेल्या गाडीत शिरण्यापूर्वी एक सोपी गोष्ट करता येते, आणि तिला यंत्र लागत नाही. एका बाजूची काच पूर्ण खाली करावी आणि समोरच्या बाजूचे दार पाचसहा वेळा पंख्यासारखे उघडमीट करावे. आतली कोंडलेली हवा त्या काचेतून बाहेर फेकली जाते. मग गाडी सुरू करून पहिला थोडा पल्ला सर्व काचा उघड्या ठेवूनच जावे आणि नंतर त्या वर चढवाव्यात.