कोंबडा, कोंबडी आणि केकवरची चेरी

वाढदिवसाच्या केकवर मधोमध विराजमान झालेली लालभडक चेरी ही काश्मीरहून आलेली असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आपल्याकडील बेकऱ्यांत वापरली जाणारी ही 'चेरी' बरेचदा चेरी नसतेच. ते असते बिया काढलेले, पाकात मुरवलेले आणि रंगवलेले करवंद. फोडल्यावर आतून लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, असा खेळ ज्या फळाशी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या खेळल्या, तेच हे फळ.

खऱ्या चेरीला कडाक्याचा हिवाळा लागतो. म्हणून ती काश्मीर आणि हिमाचल प्रदेशात पिकते. करवंदाला असले काही लाड लागत नाहीत. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याची ओळख दुष्काळी अशी असली, तरी त्याचा पश्चिम कोपरा म्हणजे अकोले तालुका थेट सह्याद्रीत शिरलेला आहे. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, पाचनई या परिसरात आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या उतारांवर करवंदीच्या काटेरी जाळ्या आपसूक वाढतात. शेताच्या बांधावर आणि परसाच्या कडेलाही करवंदीचे कुंपण असते. गुरे त्यात तोंड घालत नाहीत, पाणी द्यावे लागत नाही आणि वर्षातून एकदा फळही मिळते.

अडचण आहे ती या 'एकदा'चीच. एप्रिलच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सगळ्या जाळ्या एकदम लगडतात. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांतच मऊ पडते आणि वळवाची एक सर आली की झाडावरचे फळही हातचे जाते. त्यामुळे डोंगरची ही 'काळी मैना' पळसाच्या पानांच्या द्रोणांत भरून, पर्यटकांच्या वाटेवर, मिळेल त्या भावाला विकावी लागते. टोपली संध्याकाळी घरी परत न्यायची नसते, हे विकणारीला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. फळ टिकवण्याचे शास्त्र येथे महत्त्वाचे ठरते ते केवळ चवीसाठी नव्हे, तर घासाघीस करताना विक्रेतीला 'नाही' म्हणता यावे यासाठी.

फळ एक, अवस्था तीन

भरपूर करवंदे हाती आली की प्रथम त्यांची निवड करावी लागते. हिरवी, कडक फळे लोणच्यासाठी व चटणीसाठी उत्तम. गुलाबी छटा धरू लागलेली पण अजून घट्ट असलेली फळे मुरांबा आणि 'चेरी'साठी योग्य, कारण ती पाकात विरघळत नाहीत. पूर्ण पिकलेली काळी फळे सरबत आणि जॅमकडे वळवावीत. जेलीसाठी मात्र पिकलेल्या फळांत काही कच्ची मिसळणे हिताचे, कारण रस गोठवणारे पेक्टिन कच्च्या फळात अधिक असते आणि पिकताना ते कमी होत जाते.

बी काढण्याचे किचकट काम

चेरीच्या पोटात एकच टणक बी असते. छोट्या यंत्राने एका दाबात ती बाहेर पडते. करवंदात मात्र लहान, चपट्या बिया अनेक असतात आणि त्या गरात रुतलेल्या असतात. त्यात भर म्हणजे चीक. कच्चे करवंद कापताच पांढरा, चिकट चीक बाहेर येतो आणि हातांना, सुरीला चिकटून बसतो. म्हणून बोटांना व पात्याला गोडेतेल लावावे आणि चिरलेली फळे लगेच मिठाच्या पाण्यात टाकावीत. देठाकडून एक उभी चीर देऊन सुरीच्या टोकाने बिया उचकटून काढल्या, तर फळ अखंड राहते. त्याच चिरेतून पुढे पाक आत शिरतो.

हे काम संथ आहे. पाटीभर करवंदांपुढे दोघी-तिघींची अख्खी दुपार जाते. त्यामुळे बिया कशासाठी काढायच्या, हे आधीच ठरवणे शहाणपणाचे. अखंड फळ हवे असेल, तेव्हाच ही मेहनत सार्थकी लागते. जॅमसाठी फळे थोड्या पाण्यात शिजवून गर चाळणीतून घासून घेतला की बिया आपोआप मागे राहतात. जेलीसाठी तर फळे उकळून रस फडक्यातून गाळणे पुरेसे असते.

पाक हळूहळू का मुरवायचा?

मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेली फळे धुऊन, तीन-चार मिनिटे उकळत्या पाण्यात घालून काढावीत. त्यानंतर ती पाकात जातात; पण पहिल्याच दिवशी घट्ट पाकात नव्हे. दाट पाकात टाकलेल्या फळातील पाणी परासरणाने वेगाने बाहेर ओढले जाते, साखरेला मात्र तेवढ्या वेगाने आत शिरता येत नाही. परिणामी फळ सुरकुतते आणि चिवट होते. म्हणून सुरुवात एक लिटर पाण्याला साधारण साडेसहाशे ग्रॅम साखर अशा पातळ पाकाने करावी. दुसऱ्या दिवशी फळे निथळून, पाकात आणखी साखर घालून, तो उकळून पुन्हा फळांवर ओतावा. असे रोज करत साखरेचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे न्यावे. शेवटी आठवडाभर मुरू देऊन, निथळून, सावलीत वाळवले की 'चेरी' तयार होते.

जॅम आणि जेलीत विद्राव्य घटकांचे प्रमाण किमान ६५ टक्के असावे लागते. समुद्रसपाटीला मिश्रण सुमारे १०५ अंश सेल्सिअसला उकळू लागले की तो टप्पा आला असे समजतात. अकोल्याच्या डोंगरात, उंचीमुळे, हा आकडा थोडा खाली येतो. एवढ्या साखरेत सूक्ष्मजंतूंना वापरता येईल असे पाणीच उरत नाही. शिवाय करवंद मुळातच कमालीचे आंबट. सामू ४.६ पेक्षा कमी असलेल्या पदार्थात बोटुलिझमचे घातक जंतू वाढत नाहीत, आणि करवंद या मर्यादेच्या बरेच खाली असते. बुरशीचा धोका मात्र राहतोच. त्यामुळे बरण्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या असाव्यात, जॅम गरम असतानाच भरावा आणि चमचा कोरडा असावा. आंबटपणामुळे ॲल्युमिनियमची किंवा कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडीही टाळावीत.

लाल रंगाची किंमत

घरी केलेली 'चेरी' फिकट तपकिरी-लाल दिसते. बाजारातील झगझगीत लाली ही कृत्रिम रंगाची देणगी असते. त्यासाठी वापरला जाणारा एरिथ्रोसिन हा रंग भारतात ठरावीक मर्यादेत परवानगी असलेल्या खाद्यरंगांपैकी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतील परवानगी रद्द केली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. निर्णयाला आधार होता उंदरांवरील प्रयोगांचा. माणसांत तसा कर्करोग होतो असे त्यात म्हटलेले नाही. तरीही पिकल्या करवंदाला स्वतःचा गडद जांभळा रंग असताना उसनी लाली कशाला, हा प्रश्न ग्राहकाने विचारण्याजोगा आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. द्रोणातून गेलेले करवंद आणि काचेच्या बरणीतून परतलेली 'चेरी' यांच्या किमतीतील अंतर ज्याच्याकडे साखर, भांडी आणि वेळ आहे, त्याच्या खिशात जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आदिवासींना दिला. पण फळ दोन दिवसांत नासत असेल, तर विकण्याचा हक्क हा पडत्या भावाला विकण्याचाच हक्क ठरतो. जिल्ह्यातच, राहुरीला, महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' हे मोठ्या फळांचे वाणही दिले आहे. ज्ञान दूर नाही. ते मे महिन्याच्या आत जाळीपर्यंत पोचायला हवे.

राहता राहिल्या त्या काढलेल्या बिया. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. करवंदाचे बी मात्र फार काळ जपून ठेवता येत नाही. त्याची उगवणशक्ती लवकर कमी होते. न उकळलेल्या फळांतून निघालेल्या बिया धुऊन, सावलीत सुकवून, पहिल्या पावसात बांधावर टोचल्या, तर काही वर्षांत नवे कुंपण उभे राहते. बरणी उन्हाळ्याच्या पलीकडे नेते. बी त्याच्याही पुढे.