पाठीवर झोप, पोटावर जाग

मराठीत ‘पालथे’ या शब्दाला फारसा मान नाही. सांगूनही ज्याला उमजत नाही, त्याला आपण पालथा घडा म्हणतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र हाच शब्द आनंदाचा होतो. बाळ पालथे पडले की नातेवाइकांना फोन जातात, काही घरांत गोडधोड होते. मान धरली, कुशीवर वळले, पालथे पडले, पुढे सरकले, बसते झाले, रांगले, हा वाढीचा क्रम आपल्या आज्यांना कोणताही तक्ता न पाहता तोंडपाठ असे. पण बाळ आपणहून पालथे पडायच्या आधी, अगदी पहिल्या आठवड्यांपासून, त्याला जागेपणी पालथे ठेवावे लागते, याची आठवण हल्ली करून द्यावी लागते. इंग्रजीत याला ‘टमी टाइम’ म्हणतात आणि नव्या आयांना तो शब्द मोबाइलमुळे ठाऊक असतो. ही गोष्ट आपल्या घरांत पूर्वीपासून होती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. कल्याणच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतल्या घरांत माझे जाणे-येणे असते. तिथे दोन प्रश्न हमखास कानांवर येतात. पहिला : ‘डॉक्टर म्हणाले बाळाला पोटावर झोपवू नका, आणि तुम्ही म्हणता पोटावर ठेवा. खरे कोणाचे?’ दुसरा : ‘पालथे घातले की रडतो. मग त्याला कशाला छळायचे?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की दोघांचेही खरे. डॉक्टर झोपेविषयी बोलत असतात आणि मी जागेपणाविषयी. हा गोंधळ होण्यामागे गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्त्य देशांत तान्ह्या मुलांना पोटावर झोपवण्याचा सल्ला रूढ झाला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकातही तो होता. उलटी झाली तर ती घशात अडकणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. पुढे असे दिसून आले, की धडधाकट बाळ झोपेतच अचानक दगावण्याच्या घटना पोटावर झोपणाऱ्या मुलांत जास्त घडतात. नेदरलँड्स, न्यूझीलंड, ब्रिटन असे एकेक देश सल्ला बदलत गेले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये तो बदलला आणि १९९४ मध्ये तिथे मोठी मोहीम सुरू झाली. दहाएक वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एवढ्या साध्या बदलाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत. म्हणून झोपेच्या बाबतीत तडजोड नाही. ‘पोटावर टाकले की गॅस सुटतो आणि शांत झोपतो’ हे आजीचे निरीक्षण चुकीचे नाही. पोटावर बाळ खरोखरच गाढ झोपते आणि सहजी जागे होत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

पण या मोहिमेचा एक अनपेक्षित परिणामही झाला. घाबरलेल्या आईबापांनी बाळाला पालथे घालणेच सोडले. दिवसभर उताणे पडून राहिलेल्या मुलांची डोकी मागून किंवा एका बाजूने चपटी होऊ लागली. मान सावरणे, पालथे पडणे लांबू लागले. तेव्हा त्या सल्ल्याला दुसरा अर्धा भाग जोडावा लागला, तो म्हणजे जागेपणी, कोणीतरी समोर असताना पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, जे बाळ अजून हिंडूफिरू लागलेले नाही त्याला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे जागेपणी पोटावर ठेवावे, असे म्हटले आहे.

त्या अर्ध्या तासात घडते काय? नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव असते. एवढा भार पेलण्याचे काम मानेच्या मागच्या स्नायूंचे असते आणि उताण्या बाळाला ते करावेच लागत नाही. पालथे घातले की ते डोके उचलून बाजूला वळवते, कारण त्याला नाक मोकळे हवे असते. मग समोरचे पाहायचे असते. पाहण्यासाठी मान, मानेसाठी खांदे, खांद्यांसाठी कोपरांवरचा भार, आणि पुढे तळहातांवरचा. मुठी उघडतात त्या याच भाराने. उद्या रांगताना एक हात उचलून दुसऱ्यावर भार द्यायचा असतो, त्याची तयारी इथेच होते.

आता आपल्या न्हाणीघराकडे वळू. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब पसरते. आधी बाळाला पायांवर उताणे घेऊन छाती, पोट, हातपाय चोळते, मग तिथेच पालथे घालून पाठ आणि कंबर. पाठीवर कोमट पाणी पडले की बाळ मान उचलते. हाच आपला टमी टाइम. उल्हासनगरात सिंधी घरात जा, अंबरनाथच्या चाळीत कोकणी घरात जा किंवा उत्तर भारतातून आलेल्या कामगाराच्या खोलीत जा, तेल बदलते. कुठे खोबरेल, कुठे तिळाचे, कुठे मोहरीचे. पसरलेल्या पायांवरचे पालथे बाळ मात्र तेच.

ही बाई बहुतेक घरांत सव्वा महिना येते. म्हणजे बाळाला मान उचलण्याची जरा ताकद येते, त्याच सुमाराला ती जाते. मग बाळ प्लास्टिकच्या टबात बसते आणि पालथे होण्याची ठरलेली वेळ संपते. पुढची कसर घर भरून काढत नाही, याला या तीन शहरांत कारणेही आहेत. उल्हासनगर हे फाळणीनंतर लष्करी छावणीच्या जागेत वसलेले निर्वासितांचे शहर. तिथल्या दाट वस्तीत एकाच खोलीत जीन्सचे धागे कापायचे काम, स्वयंपाक आणि बाळ. जमिनीवर बाळ ठेवायला जागा नाही, म्हणून ते झोळीत. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटर. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या कायदादुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली खरी, पण ती संपली की सकाळची लोकल. मागे राहते आजी, जिचे गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. मग बाळ पलंगावर, नाहीतर झुलत्या खुर्चीत. यात प्रेम कमी पडत नाही. कमी पडते ती बाळाला खाली ठेवण्याची सवड आणि जागा.

दुसरा प्रश्न रडण्याचा. बाळ रडते कारण काम अवघड असते. ते सोपे करून द्यावे. पहिल्या दिवसांत जमिनीची गरजच नाही. आईने किंवा बाबांनी पाठीला उशी लावून मागे रेलावे आणि बाळाला छातीवर पालथे घ्यावे. चेहरा दिसतो, म्हणून ते मान उचलते. पुढे मांडीवर आडवे. मग जमिनीवर सतरंजी आणि वर चौपदरी दुपटे. मऊ गादी नको, तिच्यात नाक रुतते. छातीखाली पंचाची गुंडाळी ठेवून हात तिच्यापुढे आणले की उचलणे सोपे जाते. समोर स्टीलचे ताट उभे धरा. आपलाच चेहरा पाहायला बाळ हमखास डोके वर काढते. दूध पाजल्यावर लगेच नको. सुरुवात दोन-तीन मिनिटांची. कुरकुर झाली तर आवाजाने, स्पर्शाने थोडे थांबवून पाहावे. मोठ्याने रडले तर उचलून घ्यावे. डोळा लागला तर तत्काळ उताणे करावे. दिवसात दुपटी अनेकदा बदलावी लागतात. त्यांतल्या सहा वेळी पाच-पाच मिनिटे पालथे घातले, की अर्धा तास झाला. गुडघे दुखणाऱ्या आजीने खुर्चीत बसून मांडीवर घेतले तरी तो वेळ मोजायचा.

काही गोष्टी मात्र सोडून द्याव्यात. मालिशवाल्या बाईचे पालथे घालणे ठेवावे. नाका-कानांत तेल सोडणे आणि डोके दाबून गोल करणे ठेवू नये. चपट्या डोक्यासाठी मोहरीची उशी नको. तान्ह्याच्या झोपेत कोणतीच उशी नको. चपटेपणावर पहिला उपाय म्हणजे जागेपणी पोटावर ठेवणे आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलणे. चाकांचा वॉकरही नको. त्याने मूल लवकर चालत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

साधारण दोन महिन्यांचे बाळ पालथे असताना डोके उचलते, चार महिन्यांचे कोपरांवर रेलते, सहा महिन्यांचे हात ताठ करते आणि पालथ्याचे उताणे होते. थोडे मागेपुढे चालते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाची मोजपट्टी तयार केली. तिच्यात शारीरिक हालचालींचे ६७ टप्पे आहेत, कारण एकेक लहान पायरी चुकली तरी ती वेळेवर दिसावी लागते. चार महिन्यांनंतरही मान सावरत नसेल, बाळ कायम एकाच बाजूला पाहत असेल, मुठी घट्ट मिटलेल्या असतील, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाली, ती असे दोष लवकर सापडावेत म्हणूनच. त्याची पथके अंगणवाडीत येऊन तपासणी करतात आणि ती विनामूल्य असते.

मी पाहते त्यांतल्या बहुतेक बाळांना काही आजार नसतो, त्यांना फक्त जमीन मिळालेली नसते. पण ज्या थोड्यांना खरोखर उपचार हवे असतात, तीही पालथी घातल्यावरच ओळखू येतात. उताण्या बाळाची मान कमकुवत आहे हे घरच्यांना दिसत नाही, आणि हातातून गेलेले ते पहिले महिने नंतरच्या कोणत्याही व्यायामाने पुरते भरून येत नाहीत.