नाबार्डचा पैसा बांधापर्यंत

अलिबागजवळच्या खारेपाटातले शेतकरी विचारतात, ‘नाबार्डचं कर्ज कुठे मिळतं हो?’ थेट मिळत नाही. १९८२ साली स्थापन झालेली नाबार्ड बँकांना फेरकर्ज देते. सहकाराच्या वाटेने तो पैसा राज्य बँकेतून अलिबागच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेत आणि तिथून गावच्या सोसायटीत येतो.

अडतं ते पुढे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, चुलते मुंबईला, आत्या सासरी. सामाईक जमीन म्हटली की संमतीपत्रं आली. ऐन पेरणीत ती कोण गोळा करणार? वारसनोंद आणि जमलं तर वाटप, हे उन्हाळ्यातच उरकावं.

कोळीबांधवांकडे तर बहुधा सातबाराच नसतो. १९९८ साली निघालेलं किसान क्रेडिट कार्ड डिझेल-बर्फाच्या खर्चासाठी त्यांना खुलं झालं ते २०१८-१९मध्ये.